आबांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची पदकंच नाहीत. नोंद दुरुस्त कशी करून घ्यायची?

कृष्णाकाठ (५ जानेवारी)

माझे वडील (घरात सगळे आबा म्हणतात) १९६८ ला सैन्यात भरती झाले आणि १९८५ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. १९७१ च्या लढाईत त्यांची पलटण पूर्वेकडे होती, बांगलादेशात आतपर्यंत गेली होती. पलटणीचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या महिन्यात विजय दिवसाला तालुक्याला १९७१ च्या सैनिकांचा सत्कार होता. आयोजकांनी पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टारची (१९७१ ला पूर्व किंवा पश्चिम आघाडीवर असलेल्यांना मिळालेली पदकं) नोंद असलेला कागद मागितला. म्हणून डिस्चार्ज बुक (नोकरी संपताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक) काढलं. पदकांच्या रकान्यात जांभळ्या शाईत दोनच ओळी आहेत. सैन्य सेवा मेडल, क्लास्प (रिबनवरची पट्टी) जम्मू-काश्मीर. आणि नऊ वर्षं दीर्घ सेवेचं मेडल. पूर्वी स्टार नाही, संग्राम मेडल (१९७१ च्या लढाईचंच दुसरं पदक) नाही. खाली सहीशिक्का, बाकी रकाना कोरा.

आबा त्या दिवशी सत्काराला गेलेच नाहीत. "मी तिथं होतो ते मला ठाऊक आहे, कागदाला नसू दे," एवढंच म्हणाले.

मला ते पटत नाही. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. ते हयात असताना त्यांच्या नावापुढं त्यांनी केलेल्या नोकरीची खरी नोंद असली पाहिजे. पन्नासहून जास्त वर्षांनी अशी दुरुस्ती होते का? कुणाकडे अर्ज करायचा, पुरावा काय लावायचा? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

रानवारा (५ जानेवारी)

ताई, आबांना नमस्कार सांगा. माहिती काही नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या घरीही एक ट्रंक आहे आणि ती कुणी उघडत नाही.

माजी सुभेदार (५ जानेवारी)

राम राम. माझी सगळी नोकरी क्लार्क म्हणून पलटणीच्या ऑफिसात गेली, म्हणून अधिकाराने लिहितो. दुरुस्ती होते. वेळ लागतो, पण होते.

आधी पदकाची नोंद कशी होते ते समजून घ्या. लढाईचं पदक लढाई संपल्यावर जाहीर होतं. मग युनिट त्या काळात हजेरीवर असलेल्या जवानांची नामावली करतं. ती मंजूर झाली की पार्ट टू ऑर्डर निघते. लग्न, मुलांचा जन्म, बदली, बढती, जशी पार्ट टू ऑर्डरने नोंदतात तसंच पदकही. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसात जवानाच्या शीट रोलवर (सेवेच्या नोंदींच्या मूळ कागदावर) चढते आणि पेन्शनला जाताना तिथून डिस्चार्ज बुकात उतरते. यातली एक पायरी हुकली की पुढचं सगळं कोरं राहतं. म्हणजे डिस्चार्ज बुकात पदक नाही याचा अर्थ पदक मंजूर नव्हतं असा होत नाही.

आता मला एक सांगा. आबांची नोकरी १५ ऑगस्ट १९७२ ला चालू होती. त्या दिवशी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल आहे. ते लढाईशी संबंधित नाही, कुठंही ड्यूटीवर असो. ते बुकात आहे का?

कृष्णाकाठ (५ जानेवारी)

नाही काका. तेही नाही. मला असं मेडल असतं हेच माहीत नव्हतं.

माजी सुभेदार (६ जानेवारी)

मग बघा. पूर्वी स्टार, संग्राम मेडल, पंचविसाव्या वर्षाचं मेडल, तिन्ही १९७१-७२ ची. नऊ वर्षांचं मेडल त्यांना १९७७ च्या पुढंच मिळालं असणार, आणि काश्मीरचा क्लास्पही बहुतेक नंतरचाच. नंतरचं सगळं आहे आणि त्या दीड वर्षातलं काहीच नाही. माझा अंदाज, आबा १९७२ मध्ये एका युनिटातून दुसऱ्यात गेले आणि कागद मागं राहिले. त्यांना शांतपणे विचारा, लढाई संपल्यानंतरचं वर्ष त्यांनी कुठं काढलं.

रोखठोक (६ जानेवारी)

कुणाला राग येईल, तरी लिहितो. पूर्वी स्टार हे शौर्यपदक नाही. लढाईच्या भागात असलेल्या सगळ्यांना मिळालं. त्यावर पैसे नाहीत, सवलत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला अर्जफाटे करायला लावण्यापेक्षा त्यांच्या पेन्शनची आणि औषधपाण्याची कागदपत्रं नीट आहेत का ते बघा. तिथला घोळ जास्त महागात पडतो.

आंबोली (६ जानेवारी)

@रोखठोक, पैशाचं बरोबर आहे. मानधन परमवीर, महावीर, वीर चक्र, शौर्यासाठीचं सेना मेडल अशा पदकांना असतं. पण "सगळ्यांना मिळालं" हेच तर दुखणं आहे. शेजारच्या खाटेवरच्याला मिळालं आणि आपल्याला नाही, हे माणूस पन्नास वर्षं मनात ठेवतो. माझे सासरे १९६५ च्या लढाईत होते. समर सेवा स्टार प्रत्यक्ष कारवाईच्या भागात असलेल्यांना, आणि रक्षा मेडल त्याहून कितीतरी जास्त जणांना. त्यांच्या बुकात रक्षा मेडल होतं, समर सेवा स्टार नव्हता. म्हणजे कागद म्हणत होता की लढाई झाली तेव्हा तुम्ही नोकरीत होतात, पण लढाईत नव्हतात. त्यांना ते फार लागलं होतं. ते गेल्यावर आम्ही अर्ज केला. तो आधी करायला हवा होता असं आजही घरात सगळ्यांना वाटतं.

बांधावरचा (६ जानेवारी)

आमच्या थोरल्या चुलत्याचं बी असंच झालतं. सैनिक टाकळीकडं पाव्हणं हायत आमचं, तिथल्या एका रिटायर सुभेदारानं अर्ज लिवून दिला. चुलता म्हणायचा, पदक नको मला, पर माझं नाव त्या यादीत हाय का न्हाई तेवढं कळूंदे. नाव निघालं बगा. स्पेलिंग निराळं हुतं म्हणून जुळत नव्हतं. आडनावात एक अक्षर जास्त.

शाईची दौत (६ जानेवारी)

नावाच्या स्पेलिंगचा मुद्दा फार महत्त्वाचा. भरतीच्या वेळी जे ऐकू आलं ते लिहिलं गेलं. कुणाचं गाव आडनाव झालं, कुणाच्या वडिलांचं नाव आडनाव झालं. 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर पेन्शन गेल्यापासून नावातल्या फरकामुळे किती पेन्शनर अडले ते आपण पाहतोच आहोत. ताई, अर्ज करताना डिस्चार्ज बुकात जसं नाव आहे अगदी तसंच लिहा. आधार कार्डावर वेगळं असेल तर ते वेगळ्या ओळीत सांगा. आर्मी नंबराच्या शेवटी अक्षर असेल तर तेही लिहा.

हवेलीकर (७ जानेवारी)

एवढं कशाला? पुण्यात, बेळगावात, नाशिक रोडला कॅन्टोन्मेंटच्या बाजारात मेडलची दुकानं आहेत. पूर्वी स्टार, रिबन, बार सगळं लावून मिळतं. नोकरीतले जवानही तिथूनच घेतात, कारण सरकारी मेडल यायला वर्षं लागतात. एक सेट घ्या आणि आबांच्या कोटाला लावा.

माजी सुभेदार (७ जानेवारी)

@हवेलीकर, नोकरीतला जवान दुकानातून घेतो ते खरं. पण त्याची पार्ट टू ऑर्डर झालेली असते. हक्क कागदावर असतो, धातू तेवढा दुकानातला असतो. ज्याची नोंद नाही त्यानं विकत घेऊन लावणं म्हणजे उद्या कुणीतरी चारचौघांत विचारणार आणि म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाणार. शिवाय सरकारी मेडलवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. संग्राम मेडलची कड उजेडात धरून फिरवा, बारीक अक्षरं दिसतात. दुकानातल्याची कड गुळगुळीत.

आणखी एक, आधीच सांगून ठेवतो. डिस्चार्ज बुकात स्वतःच्या हातानं एक अक्षरही घालायचं नाही. "मोकळी जागा आहे, लिहून टाका" असं सांगणारे भेटतात. पूर्ण बुक संशयात येतं. दुरुस्ती रेकॉर्डच करतं, सहीशिक्क्यासह.

हवेलीकर (७ जानेवारी)

पटलं. आधी नोंद, मग दुकान.

कृष्णाकाठ (८ जानेवारी)

काल रात्री जेवणं झाल्यावर आबांशी बोलले. सुभेदार काकांचा अंदाज बरोबर निघाला.

लढाई संपल्यावर जानेवारीत आबांना कावीळ झाली. आधी फील्ड हॉस्पिटल, मग तिथून मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलला हलवलं. बरेच आठवडे तिथं होते. मग सिक लीव्हवर घरी आले, आजी सांगायची की ओळखू येत नव्हते. सुट्टी संपल्यावर पलटणीत न जाता सेंटरला (रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राला) हजर झाले आणि तिथून दुसऱ्या बटालियनला गेले. पहिल्या पलटणीत परत गेलेच नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ ला ते सेंटरला होते.

हे सगळं ते न अडखळता बोलत होते. कंपनी कमांडरचं नाव, हॉस्पिटलच्या वॉर्डाचा नंबर, शेजारच्या खाटेवरचा तामिळ जवान. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन ठिकाणी तारखा दुरुस्त केल्या.

माजी सुभेदार (८ जानेवारी)

झालं. नामावली केली तेव्हा माणूस हॉस्पिटलला. जुनी पलटण म्हणणार तो आता आमच्याकडे नाही, नवी म्हणणार तो तेव्हा आमच्याकडे नव्हता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. असे जवान मी पाहिले आहेत.

आता अर्ज असा करा. ऑफिसर इन्चार्ज रेकॉर्ड्स यांच्या नावे, आबांच्या सहीचा. नंबर, हुद्दा, नाव, ट्रेड, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. मग तुम्ही वर लिहिलंत तेवढंच, पण तारखांच्या क्रमानं: लढाईच्या काळात कुठलं युनिट, कुठली कंपनी, हॉस्पिटलात कधी, सेंटरला कधी, नव्या युनिटला कधी. शेवटी मागण्या दोनच. एक, सेवा अभिलेखाप्रमाणे मंजूर असलेल्या सर्व पदकांची प्रमाणित यादी द्यावी. दोन, पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल तपासून नोंद करावी. लढाईचं वर्णन लिहू नका. क्लार्कला तारखा लागतात.

डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स लावा, कोरी पानंसुद्धा. मूळ बुक पोस्टानं पाठवू नका. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर आवक-जावक नंबर मिळतो आणि पाठपुरावा सोपा जातो.

नीरा (८ जानेवारी)

कुठल्या रेकॉर्डला पाठवायचं हे कसं कळणार? माझे काका तोफखान्यात होते.

माजी सुभेदार (९ जानेवारी)

ज्या रेजिमेंटचा किंवा कोअरचा जवान, त्याच्या रेकॉर्डला. पेन्शन कुठल्या बँकेत आहे किंवा गाव कुठं आहे याचा संबंध नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. रणगाडेवाल्यांचं, म्हणजे आर्मर्ड कोअरचं, अहिल्यानगरला. महारचं मध्य प्रदेशात सागरला. गार्ड्सचं कामठीला. सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं) सिकंदराबादला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचं वेगळं, ते दिल्लीला सेना मुख्यालयाकडे.

कोकणी खलाशी (९ जानेवारी)

नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, चीता कॅम्पला. ब्युरो ऑफ सेलर्स म्हणतात. दापोली-गुहागरकडच्या लोकांनी दिल्लीला पत्रं पाठवून बसू नये.

वकीलसाहेब (९ जानेवारी)

कायद्याच्या बाजूनं थोडं. सहा-आठ आठवड्यांत उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. रेकॉर्ड ऑफिस केंद्र सरकारच्या कक्षेत येतं, शुल्क दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील.

दोन गोष्टी सांभाळा. अर्ज आबांच्याच नावानं आणि सहीनं करा. मुलीनं केला तर "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती" म्हणून परत येण्याची शक्यता आहे. आणि "पदक का दिलं नाही?" असं विचारू नका. कारण विचारलं की उत्तर टाळता येतं. कागद मागा: शीट रोलची प्रत, पदकांबाबत निघालेल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत, पूर्वी स्टारच्या नामावलीतल्या संबंधित पानाची प्रत.

शेवटचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते आलं, मुंबईत खंडपीठ आहे. पण आधी खात्यातले मार्ग वापरले हे दाखवावं लागतं, आणि खात्याचा अंतिम निर्णय झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा. माझ्या अनुभवात पदकांची बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जायची गरज पडत नाही.

रोखठोक (१० जानेवारी)

वकीलसाहेब, ज्यांना पेन्शन नाही त्यांचं काय? आमच्या गावात एकजण सात वर्षं नोकरी करून परत आलेले. त्यांना सांगितलं की कागद नष्ट केले.

वकीलसाहेब (१० जानेवारी)

ते खरं असू शकतं. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पण लाँग रोल नावाची नोंदवही राहते. त्यात भरती, डिस्चार्ज अशा मोजक्या नोंदी असतात. त्यांनी लाँग रोलचा उतारा मागावा. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत होते की नाही एवढं तर त्यावरून सिद्ध होईल.

रोखठोक (१० जानेवारी)

सांगतो त्यांना. उद्याच जातो.

डेट्रॉइटकर (११ जानेवारी)

अवांतर आहे, पण जवळचं. माझा मुलगा अमेरिकेच्या लष्करात होता. इथं डीडी-२१४ नावाचा एक कागद मिळतो, आपल्या डिस्चार्ज बुकासारखा. त्याच्या त्या कागदावर एक पदक राहून गेलं होतं. इथं मूळ कागद बदलत नाहीत, डीडी-२१५ हा दुरुस्तीचा कागद जोडून देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर नोंदी दुरुस्त करणारं वेगळं मंडळ आहे, तिथं अर्ज करता येतो. आपल्याकडे असं खास मंडळ असायला हवं असं वाटतं.

पण इथंही सगळं आलबेल नाही. १९७३ च्या जुलैत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. १९६० च्या आधी लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या बहुतेक फायली त्यात होत्या. त्यांची मुलं-नातवंडं अजूनही घरातली जुनी पत्रं, पगाराच्या पावत्या, हॉस्पिटलचे कागद लावून नोंदी उभ्या करतात. तेव्हा घरातला कुठलाही चिटोरा टाकू नका.

आंबोली (११ जानेवारी)

@डेट्रॉइटकर, अगदी. सासऱ्यांच्या बाबतीत घरातलं एक अंतर्देशीय पत्रच कामाला आलं. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख होती. त्यावरून युनिट त्या तारखेला कुठं होतं ते जुळवता आलं.

जुना बाजार (१२ जानेवारी)

मी नाणी जमवतो, त्या निमित्तानं पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातली मेडलं तिथं अजूनही येतात. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातली मेडलं बिननावाची मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या मेडलांवर नाव कोरलेलं असतं. त्यामुळे विकणाऱ्यासमोरच कळतं की हे कुणा जाधवाचं, हे कुणा शिंद्यांचं. घरच्यांनी भंगारात दिलेलं असतं. मला ते बघवत नाही. नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट ओळखता येते, तेव्हा शोध घेऊन घरी परत देता येतं. एक मेडल मी असं कराड भागातल्या एका घरी दिलं आहे. त्यांच्या नातवाला आजोबा इटलीत लढले हे माहीतच नव्हतं.

शाईची दौत (१२ जानेवारी)

इटलीच्या लढाईत मराठा पलटणींनी काय केलं हे शाळेत शिकवायला हवं. यशवंत घाडगे १९४४ मध्ये, नामदेव जाधव १९४५ मध्ये, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. आणि १९७१ मध्ये जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, बांगलादेशातल्या जमालपूरला. टांगाइलला ११ डिसेंबरला छत्रीधारी उतरले ती दुसरी पॅरा, मूळची मराठाचीच बटालियन. या सगळ्यांमागं नाव नसलेले हजारो साधे शिपाई आहेत, आणि त्यांच्या हाती असलेला पुरावा म्हणजे एक स्टार.

बॉम्बे सॅपर (१२ जानेवारी)

इथं एक सावधगिरीची सूचना. घरातल्या गोष्टींत स्टारचं चक्र होतं. "आजोबांना वीर चक्र होतं" म्हणून लोक अर्ज करतात आणि निघतो पश्चिमी स्टार. शौर्यपदकं भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, सरकारच्या वीरता पुरस्कार पोर्टलवर नावानं शोधता येतं. आधी तिथं बघा. मेन्शन इन डिस्पॅचेस (युद्धाच्या अहवालात नावाचा गौरवानं उल्लेख) असेल तर त्याचं स्वतंत्र मेडल नसतं, रिबनवर कमळाचं छोटं पान लावतात. ते पान बघून बरेच जण गोंधळतात.

आणि कृष्णाकाठ ताई, आबा शत्रूच्या गोळीनं किंवा गोळ्यानं जखमी झाले असते तर पराक्रम पदकाचाही विचार करता आला असता. काविळीला ते लागू नाही.

कृष्णाकाठ (१२ जानेवारी)

हो, आबांनीही हेच सांगितलं. "जखमी झालेले वेगळे होते, त्यांच्यात मला बसवू नकोस." जे त्यांचं नाही ते त्यांना नकोच आहे.

अर्ज आज सैनिक कल्याण कार्यालयातून गेला. तिथल्या कल्याण संघटकांनी तारखांचा तक्ता बघून अर्ज पुन्हा टाइप करून दिला. सही आबांनी मराठीत केली, कारण बुकात मराठीत आहे.

कृष्णाकाठ (२१ एप्रिल)

सगळ्यांना कळवायचं राहिलं. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं ते असं: "दस्तऐवजांनुसार दोनच पदके." आबा म्हणाले, झालं, सोड आता. पण वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे माहितीच्या अधिकारात कागदच मागितले.

रानवारा (२१ एप्रिल)

सोडू नका ताई.

वकीलसाहेब (२२ एप्रिल)

बरं केलंत. ते उत्तर शीट रोल बघून दिलेलं आहे. नामावली वेगळ्या गठ्ठ्यात असते.

कृष्णाकाठ (३ जुलै)

काल टपाल आलं!

जुन्या पलटणीच्या नामावलीच्या पानाची प्रत आहे. टाइपरायटरची अक्षरं पुसट आहेत, पण आबांचं नाव आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. शेवटच्या रकान्यात हातानं लिहिलंय की जवान हॉस्पिटलला, बदलून गेला. म्हणजे पलटणीनं त्यांना विसरलं नव्हतं. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल दोन्हीसाठी नाव धरलं होतं. त्यापुढची ऑर्डर नव्या युनिटच्या कागदांवर चढलीच नाही.

सोबत रेकॉर्डचं पत्र आहे. दोन्ही पदकांची नोंद आता केली आहे, डिस्चार्ज बुकात नोंद करायला मूळ बुक घेऊन यावं. पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या मेडलसाठी सेंटरवरच्या हजेरीची पडताळणी चालू आहे. प्रत्यक्ष मेडलं उपलब्धतेनुसार.

आबांनी चष्मा लावून ते पान वाचलं. आपलं नाव वाचून झाल्यावर वरची आणि खालची नावं वाचायला लागले. हा इस्लामपूरचा, हा चंदगडचा, हा परत आला नाही. तासभर तेच चाललं होतं. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी ही पदकं पोहोचली आणि कुणाच्या नाही, हे आता त्यांना शोधायचं आहे.

माजी सुभेदार (३ जुलै)

शाब्बास ताई. आबांना माझा सॅल्यूट सांगा. मूळ बुक आता स्वतः घेऊन जा, आबांना झेपणार असेल तर बरोबर न्या. नोंद झाल्यावर तिथंच उभं राहून तपासा: पदकाचं नाव, ऑर्डरचा नंबर, तारीख, सही, गोल शिक्का. नावाचं स्पेलिंग जे तिथं असेल तेच मेडलवर कोरलं जातं.

हवेलीकर (३ जुलै)

आता दुकानात जायला हरकत नाही ना काका? सरकारी मेडल येईपर्यंत सोळा डिसेंबर उजाडेल.

माजी सुभेदार (३ जुलै)

आता खुशाल जा. डाव्या छातीवर, रिबनचा क्रम दुकानदाराला ठाऊक असतो, तरी एकदा विचारून घ्या.

आंबोली (४ जुलै)

फार आनंद झाला. आमच्याकडे सासऱ्यांचा स्टार आला तेव्हा ते नव्हते. कार्यक्रमाला माझा नवरा लावून जातो, वारसांनी उजव्या बाजूला लावायचा असतो. आबांनी स्वतः डाव्या बाजूला लावावा, यासारखं दुसरं काही नाही.

रोखठोक (४ जुलै)

अभिनंदन. आमच्या गावातल्या त्या गृहस्थांचा लाँग रोलचा उतारा आला. १९६९ ते १९७६ नोकरी सिद्ध झाली. म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ मध्ये बसतो. संग्राम मेडलही मिळेल का? ते लढाईत पंजाबात होते, पण युनिटचा कागद नाही. तारखांचा तक्ता मी करतो आहे.

माजी सुभेदार (४ जुलै)

१९७२ चं मेडल आधी मागा, ते सरळ आहे. संग्राम मेडलसाठी युनिटचं नाव लागेलच. त्यांच्याबरोबरचा कुणी पेन्शनर हयात असेल तर त्याच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि त्याचं प्रतिज्ञापत्र लावा. नंबर इथं टाकू नका, मला निरोपातून पाठवा, रेजिमेंट कुठली ते बघून सांगतो.

नीरा (५ जुलै)

काका, माझाही निरोप पाठवला आहे. तोफखाना, १९६५. बुक हरवलं आहे, पीपीओ आहे.

माजी सुभेदार (५ जुलै)

मिळाला. पीपीओवर नंबर आहे, तेवढं पुरे. आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करा, मग डुप्लिकेट बुकाचा अर्ज आणि पदकांचा अर्ज वेगवेगळे टाका. एकत्र टाकले तर एकाच टेबलावर दोन्ही अडतात.